वळणाच्या अलीकडं

"काम अगदी साधं होतं. लग्नाचा एक अल्बम पोचवायचा होता," सुंदरतात्या म्हणाले.

कडा गावात त्या रात्री साडेनऊला लाइट गेली होती. डिसेंबरची थंडी. बंद दुकानाच्या पायरीवर तात्या कानाला मफलर गुंडाळून बसले होते आणि समोर मोटरसायकली लावून चार-पाच पोरं उभी होती. उल्का पडणार म्हणून पोरं डोंगरावरच्या माळावर निघाली होती. त्यातला सुरज म्हणाला होता, "तात्या, दीड-दोन वाजंस्तोर येतो माघारी. रस्ता मोकळाच असतो." तात्यांनी त्याच्याकडून गाडीची चावी मागून घेतली होती आणि मुठीत धरून ठेवली होती.

"जावा. मी न्हाई म्हणत न्हाई," ते म्हणाले. "पण आदी हे ऐकून जावा. ही कुणाच्या साडूच्या मेव्हण्याची गोष्ट न्हाई. आपल्या परमेश्वर फोटोवाल्याची हाय. त्यानं सोत्ताच्या तोंडानं मला सांगितलेली. मधी कुणी बोलू नका."

आणि तात्यांनी सांगितलं ते असं.

*

तारीख नऊ फेब्रुवारी दोन हजार चोवीस. शुक्रवार, पौष अमावस्या. परमेश्वरच्या बायकोचं, वनमालाचं, त्या सकाळी वर्षश्राद्ध झालं होतं. मधे अधिकमास आल्यामुळं तिथी अठरा-वीस दिवस पुढं सरकली होती. पाहुणे दुपारीच आपापल्या गावाला गेले. घरात उरली दोन माणसं. परमेश्वर आणि त्याची सासू, छबुबाई.

छबुबाई तेलगावच्या. लेकीच्या दहाव्याला आल्या त्या परत गेल्याच नाहीत. वनमाला त्यांची एकुलती एक. मागं राहिलेलं तिचं घर, तिचे डबे, तिची तुळस सोडून जायला त्यांचा पाय निघेना. जावयाला दोन वेळचं करून वाढायच्या. ताट पुढं सरकवायच्या आणि आत जायच्या. पण वर्षभरात त्या परमेश्वरशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. पण नुसती भाजी वाढल्याचा आवाज. पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज. बस.

चार वाजता परमेश्वरनं अल्बम पिशवीत घातला. डोंगरापलीकडच्या एका वाडीतलं लग्न होतं, दिवाळीपासून त्यांचे फोन येत होते. अल्बम घेतला आणि मग, का ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, स्टुलावर चढून त्यानं माळ्यावरची कॅमेऱ्याची काळी बॅग खाली काढली. वर्षभर ती तिथं पडून होती. लग्नांना तो दुसराच छोटा कॅमेरा वापरायचा.

छबुबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बॅगेकडं बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले. आता बोलतात की काय म्हणून परमेश्वर थांबला.

त्या वळून आत गेल्या.

"अल्बम देऊन येतो, मामी," तो रिकाम्या दाराला म्हणाला.

*

त्या बॅगेत काय होतं ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्यात एक लांब भिंग होतं. फोटोवाले त्याला टेली म्हणतात. दोनशेचा टेली. लग्नात मांडवाच्या मागं उभं राहून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, डोळे पुसणारी नवरीची आई टिपायची, त्यासाठी ते. परमेश्वरला त्याचा तेवढाच उपयोग माहीत होता. वनमाला स्टुडिओत कॉम्प्युटरवर अल्बम लावायची. एका रात्री गच्चीवर वाळवण झाकायला गेलेली, जाताना कॅमेरा घेऊन गेली आणि सहज ते भिंग आभाळातल्या तिकांड्याकडं रोखलं. तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेला तो तीन ताऱ्यांचा बाण. फोटो काढला आणि खाली पळत आली.

"अहो, हे बघा. बाणाच्या खाली हितं कायतरी हाय. गुलाबी."

"काचंवर धूळ असंल."

"धूळ असती तर दुसऱ्या फोटूत बी तितंच दिसली असती. दुसऱ्यात सरकलंय. ताऱ्यांसंगं सरकलंय, अहो!"

तिथून तिला ते वेड लागलं आणि तिच्यामुळं त्याला. तो गुलाबी डाग म्हणजे तेजोमेघ, त्यात तारे जन्मतात, हे तिनंच शोधून काढलं. लोक म्हणायचे, आभाळ बघायचं तर दुर्बीण घ्या. वनमाला म्हणायची, "दुर्बिणीत एकच वाफा दिसतो. मला सगळं शिवार बघायचं हाय. बाण, मेघ, समदं एका चौकटीत." त्यासाठी हे लांब भिंग बरोब्बर होतं.

अडचण एकच. तारे थांबत नाहीत. आणि भिंग जेवढं लांब, तेवढी त्यांची पळापळ जास्त दिसते. अर्ध्या मिनिटाचा फोटो काढला तर ताऱ्याचा ठिपका न राहता ओरखडा होतो. मग तिनं मतीन मेकॅनिककडून दोन फळ्यांना बिजागरी मारून घेतली. बिजागरी ध्रुवाकडं करायची, वरच्या फळीवर कॅमेरा, खालून एक लांब बोल्ट. बोल्टच्या टोकाला स्टीलच्या डब्याचं झाकण. झाकणावर नेलपॉलिशनं साठ खुणा. मिनिटाला एक फेरा, असं झाकण बोटानं फिरवत राहायचं, म्हणजे फळी ताऱ्यांबरोबर उघडत जाते आणि तारा जागच्या जागी ठिपका राहतो.

झाकण वनमाला फिरवायची. बोट सेकंदाला एक खूण पुढं. ओठांतल्या ओठांत मोजत. परमेश्वर बटन दाबायचा. त्याला ते फिरवणं कधी जमलं नाही. त्याचा हात घाई करायचा.

फोकसही तीच लावायची. व्याधाचा तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून, भिंगाचं कडं जरा-जरा फिरवत, तारा अगदी मोहरीएवढा होईपर्यंत. "लेन्सवर लई लांबच्यासाठी अनंताची खूण हाय ना," ती म्हणायची, "पर ती खोटी. खरा अनंत खुणेच्या केसभर अलीकडंच असतो." मग कड्यावर चिकटपट्टी लावून टाकायची.

आणि एक फोटो म्हणजे काहीच नाही. एका फोटोतला मेघ म्हणजे थंडीत तोंडातून निघालेली वाफ. तसे दोनशे काढायचे आणि एकावर एक ठेवायचे, तेव्हा कुठं तो आकार धरतो. त्याच्या आदल्या वर्षीच्या पौष अमावस्येला दोघं डोंगरावरच्या माळावर गेले. रात्री साडेबारापर्यंत एकशे चाळीस झाले. मग दहिवर पडायला लागलं, काच धुरकट झाली. राहिलेले पुढल्या अमावस्येला काढू म्हणून निघाले.

माळावरून उतरताना लिंबाचं वळण आहे. त्या वळणाच्या पलीकडं उसाची ट्रॉली उभी होती. ॲक्सल तुटलेली. मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. वेळ रात्री दीडची. परमेश्वरनं ब्रेक दाबला, गाडी खडीवर घसरली…

त्याला खांद्याला लागलं. वनमाला दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

भिंगाला ओरखडासुद्धा नव्हता.

*

तर त्या शुक्रवारी परमेश्वर वाडीत पोचला, अल्बम दिला. घरच्यांनी जेवायला बसवलं. पोरीची आई अल्बम बघताना रडली. तिथून तो निघाला तेव्हा साडेसात झाले होते. सरळ घरी यायचं होतं. माळाचा फाटा आला आणि गाडी वळली. तो म्हणतो, मी वळवली नाही. पण ते सोडा, माणूस असं म्हणतोच.

माळावर चिटपाखरू नव्हतं. लांब डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे एकदम लागायचे, एकदम विझायचे. दक्षिणेला मृग चढलेला. बाण तसाच, मेघ तसाच. वर्ष झालं होतं आणि तिथं काहीच बदललं नव्हतं, याचा त्याला राग आला. तो रडला थोडा. मग त्यानं फळ्या मांडल्या. बिजागरी ध्रुवाकडं केली. पोत्याची घडी फळीच्या डाव्या बाजूला टाकली, जशी ती बसायला टाकायची. फोकस लावायला त्याला अर्धा तास लागला.

साठ फोटो राहिले होते. तेवढे काढू, तिचं चित्र पुरं करू आणि मग हे भिंग डोंगराच्या कड्यावरून खाली फेकून देऊ. असं त्यानं ठरवलं होतं.

झाकण तो स्वतः फिरवू लागला. एक, दोन, तीन, चार. फोटो आला. तारे अळ्यांसारखे वाकडे. परत. परत. हात घाई करायचा. अकरा वाजेपर्यंत एकही धड आला नाही. मग त्यानं नाद सोडला. रिमोट हातात घेऊन दहा पावलांवरच्या दगडावर जाऊन बसला. नुसतं बटन दाबत राहिला. झाकण फिरवायला कुणी नाही म्हटल्यावर ओरखडेच येणार. येऊ देत. अर्धं मिनिट. खट्. अर्धं मिनिट. खट्.

तिला तो आवाज आवडायचा म्हणून.

सव्वाअकराला तो उठून बघायला गेला. पडद्यावर ओरखडे. मागचा फोटो, ओरखडे. त्याच्या मागचा, ओरखडे. परत दगडावर येऊन बसला. आणखी दहा-बारा काढले. परत बघायला गेला.

तारे गोल होते.

मोहरीसारखे. सगळे. बाणाचे तिन्ही, आजूबाजूचे बारीक, सगळे. मेघाची पाकळी दिसत होती.

त्याला वाटलं, जुने फोटो उघडले. तारीख बघितली. आजचीच. वेळ अकरा वाजून बावीस मिनिटं.

"वारा असंल," तो स्वतःशी म्हणाला. वारा नव्हता.

तो दगडापाशी गेला. बसला नाही. उभाच राहिला. रिमोट दाबला. खिशातून लाल उजेडाची बॅटरी काढली, आणि उजेड हळूहळू फळीकडं नेला. आधी स्टँडचा पाय. मग फळी. मग बोल्ट. मग झाकण.

झाकण फिरत होतं.

नेलपॉलिशची एक खूण वरून खाली चालली होती. मग दुसरी. सावकाश. घाई नाही. सेकंदाला एक.

बोल्टचा आवाज येत होता. किर्र… किर्र… एवढा बारीक की आपलाच कान वाजतोय असं वाटावं.

पोत्याची घडी मधोमध दबलेली होती.

"वने…?"

झाकण थांबलं.

तो फोटो बिघडला. त्यात ओरखडे आले. ते त्यानं नंतर पाहिलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं, की आपण बोललो आणि ते थांबलं.

मग तो बोलला नाही. हातानं तोंड दाबून धरलं. दुसऱ्या हातानं रिमोट दाबला. बराच वेळ काही नाही. आणि मग…

किर्र.

पोरांनो, भीती वाटली का त्याला? वाटली. पळावं वाटत होतं. आणि पळवतही नव्हतं. बायको गेली म्हणून वर्षभर रडलेला माणूस, तिच्यापासून दहा पावलांवर उभा होता, आणि त्याला तिच्याजवळ जायची छाती होत नव्हती. या गोष्टीची त्याला आजही लाज वाटते.

बारापर्यंत असंच चाललं. मग दहिवर उतरलं. अंगावर, दगडावर, काचेवर. काच पुसायला जवळ जायला हवं होतं. तो एक पाऊल पुढं गेला. थांबला. आणखी एक. थंडी होतीच, पण त्या पोत्याजवळची थंडी वेगळी. विहिरीत वाकल्यावर तोंडावर येते तशी…

कॅमेऱ्याची बॅटरी संपली. पडदा विझला.

अंधार.

आवाज बंद.

आणि तेव्हा तो घाबरला. आतापर्यंत मोजणारं कुणीतरी होतं. आता मोजणं थांबलं होतं. म्हणजे ती आता मोकळी होती. म्हणजे ती आता… बघत असेल.

त्यानं मिळेल ते बॅगेत कोंबलं. फळ्या तिथंच टाकल्या. बॅग मागं बांधली नाही, पुढं टाकीवर घेतली. किक मारली. एक. दोन. तिसरीला गाडी लागली. तो बसला.

आणि मागचा शॉकअप दबला.

चूं… करून. हळू. मागं कुणी एक पाय टाकून एका अंगानं बसावं तसा.

*

त्यानं मागं बघितलं नाही. आरसा वर करून टाकला.

गाडी उताराला लागली. तिसऱ्या गिअरवर. हात हँडलला चिकटलेले. पहिलं वळण आलं. गाडी झुकली. मागचं वजनही झुकलं. बरोबर तेवढंच. नवखं माणूस वळणावर उलट्या बाजूला झुकतं. सवयीचं माणूस आपल्याबरोबर झुकतं. नऊ वर्षं त्याच गाडीवर मागं बसलेलं माणूस…

दुसरं वळण. तसंच.

तिसऱ्या वळणाला त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला भीती वाटत नाही. कधी गेली ते कळलं नाही. पाठीला जे टेकलं होतं ते थंड नव्हतं. ते काहीच नव्हतं, नुसतं वजन. पण ओळखीचं.

आणि मग दुसरी भीती आली. पहिलीपेक्षा मोठी.

पुढं लिंबाचं वळण होतं. दोन किलोमीटर.

ती तिथं उतरणार.

त्यानं गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. मग पहिल्या. दीड किलोमीटर. एक. गाडी चालण्याच्या वेगानं जात होती. लिंबाचं झाड दिव्यात दिसलं. त्याचं खोड, खोडाला लावलेला पांढरा पट्टा. वळणाला पन्नास पावलं राहिली.

त्यानं गाडी कडेला घेतली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. दिवा विझवला. इंजिन बंद केलं.

शॉकअप दबलेलाच होता.

"न्हाई जायाचं पुढं," तो म्हणाला. "हितंच थांबू."

त्यानं हँडल घट्ट धरलं.

"मी वळणाकडं जातच न्हाई. तू बस. मी हालत न्हाई."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मृग पश्चिमेला कलला होता. परमेश्वर दोन पायांवर गाडी तोलून उभा राहिला. स्टँड लावायला एका अंगाला झुकावं लागलं असतं. ती उतरली तर? म्हणून नाहीच लावलं.

आणि तो बोलू लागला. वर्षभराचं. मामी बोलत नाहीत. तुझी तुळस मी जगवली, पण मंजिऱ्या खुडायच्या राहतात. कॉम्प्युटरवर तुझा पासवर्ड मी बदलला नाही. तेलगावच्या घराचं दार वाळवीनं खाल्लं. असलं काहीबाही. मधेच थांबायचा. ऐकायचा. लिंबाचं एखादं पान पडायचं.

तीनच्या सुमाराला त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. पाय बधिर झाले. तेव्हा त्यानं ते बोललं, जे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, छबुबाईंना नाही.

"वने, त्या राती निघताना मीच म्हणलो… लेन्स धर नीट. दोनी हातांनी धर म्हणलो. आदळू देऊ नको म्हणलो."

…

"तू धरलीस. पोटाशी."

…

"घसरली गाडी तवा तू ती सोडली न्हाईस. हात मोकळे असते तर… तर मला धरलं असतंस. टेकवले असतेस. कायतरी केलं असतंस. तू लेन्स वाचवली, वने. मी म्हणलो म्हणून."

कोल्हा ओरडला कुठंतरी.

"मला कुणी इचारलंच न्हाई. सगळे म्हणले, ट्रॉलीवाल्याची चूक. मी हो म्हणलो."

ती काही म्हणाली का, असं विचारू नका. काही म्हणाली नाही. तो सांगतो, पाठीवरचं वजन तेवढं जरा जवळ सरकलं. असं त्याला वाटलं. थकलेल्या माणसाला काहीही वाटतं.

चार वाजले. साडेचार. पूर्व अजून काळीच होती. तो उभा होता. पाय आहेत की नाहीत ते त्याला कळत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की आपण वळणाकडं गेलो नाही म्हणजे ती आहे. उजाडेपर्यंत, मग दिवसभर, मग परत रात्र… किती दिवस उभं राहता येईल याचा तो खरोखर हिशेब करत होता.

साडेपाचला वळणाच्या पलीकडून उजेड आला.

तो वळणाकडं गेला नव्हता. पण वळणावरून टेम्पो आला. लिंबाच्या बुंध्यावर आधी पिवळा उजेड पडला, मग फांद्यांवर, मग रस्त्यावर सरकत सरकत त्याच्याकडं.

"नको," परमेश्वर म्हणाला. "नको, नको, नको…"

उजेड त्याच्या तोंडावर पडला.

चूं…

शॉकअप वर आला.

*

टेम्पो नबीचा होता. पहाटे वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करणारा नबी. त्यानं करकचून ब्रेक मारला.

"क्या बे परमेश्वर? हितं कावून उभा हाय? पेट्रोल संपलं का?"

नबी खाली उतरला. जवळ आला आणि त्याला शिवी द्यायला उघडलेलं तोंड त्यानं मिटलं. परमेश्वरचे केस दहिवरानं पांढरे झाले होते. भुवया, मिशी, खांदे, हँडल, टाकीवरची बॅग, सगळ्यावर पाण्याचे मणी. डोळे उघडे, त्यांतून धार.

"नबीभाई… माझ्या मागं बघ. कुणी हाय का?"

नबीनं मोबाईलचा उजेड मागं टाकला. त्या उजेडात तो बराच वेळ बघत राहिला.

"न्हाई रे," तो म्हणाला. "कुणी न्हाई. चल. घरी चल."

गाडी दोघांनी टेम्पोत चढवली. परमेश्वरचे पाय वाकत नव्हते, नबीनं त्याला उचलून आत बसवलं. वाटेत परमेश्वरनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, झाकणापासून शॉकअपपर्यंत. नबी एरवी घटकाभर गप्प न बसणारा माणूस. त्या दिवशी हो नाही, काही नाही. नुसता टेम्पो चालवत राहिला.

घराचं दार उघडंच होतं. छबुबाई उंबऱ्यात बसलेल्या. रात्रभर बसलेल्या असाव्यात, अंगावर कालचंच लुगडं होतं. त्यांनी जावयाकडं बघितलं. उठल्या. ओला स्वेटर काढावा म्हणून त्याला खांद्याला धरून पाठमोरा केला.

आणि त्यांचा हात तिथंच राहिला.

नबी दारात होता, त्यानं पाहिलं. म्हातारीनं आधी एक बोट टेकवलं. मग सगळा तळवा परमेश्वरच्या पाठीवर ठेवला. डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. परमेश्वर तसाच उभा, त्याला काहीच कळेना.

"लहानपणी बापाच्या सायकलवर बी अशीच झोपायची," छबुबाई म्हणाल्या. "गाल लावून."

वर्षात पहिल्यांदा त्या त्याच्याशी बोलल्या होत्या. आवाज खरखरीत झाला होता.

मग म्हणाल्या, "जावईबापू, कापडं बदला. चा ठेवते."

परमेश्वर तिथं उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. पोलिसांना जे सांगितलं नव्हतं ते त्यानं म्हातारीला सांगितलं. ती ऐकत राहिली. तिनं त्याच्या केसांतलं पाणी पदरानं पुसलं.

*

तात्या थांबले. कुणीतरी बिडी पेटवली होती ती हातातच विझली होती.

"आन् ते फोटू, तात्या?" सुरजनं विचारलं. "गोल ताऱ्यांचे?"

"हायेत. त्यानं मला दावले. पर फोटूचं मी काय सांगू? तुमी म्हणाल, झाकण ढिलं असंल, वजनानं फिरलं असंल. म्हणा. शॉकअपचं म्हणाल, जुनी गाडी. ते बी म्हणा. मी वाद घालत न्हाई."

त्यांनी सुरजच्या हातावर चावी ठेवली.

"पर मी त्या सकाळी सात वाजता त्याच्या घरी गेलतो. नबीच मला घेऊन गेला. स्वेटर दोरीवर होता, अजून कुणी पिळला नव्हता. खालून पाणी ठिबकत होतं. रातभर दहिवरात उभ्या माणसाचा स्वेटर, समदा चिंब. नबी म्हणला, तात्या, मागनं बघा. मी बघितलं. डाव्या खांद्याखाली, गालाएवढी जागा… कोरडी. ठणठणीत. आन् कमरेच्या दोनी अंगांनी कोरडे दोन पट्टे. मागनं पुढं आलेले. मी स्वेटर फिरवला. पोटावर ते पट्टे एकमेकांना मिळाले होते. आन् जितं मिळाले होते, तितं…"

तात्यांनी आपल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, घट्ट, आणि ती तशीच पोटाशी धरून ते अंधारात बसून राहिले.